वसंतातली फुलपाखरे आणि त्यांची झाडे

महाराष्ट्रात फुलपाखरांचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि दिवाळीच्या आगेमागे ओसरू लागतो. त्या महिन्यांत रानात कोवळा पाला मुबलक असतो, गवत आणि वेली माजलेल्या असतात, अळ्यांना खाण्याची ददात नसते. थंडीत संख्या घटते. मग माघ सरत येतो, पानगळ झालेली झाडे पालवू लागतात आणि फुलपाखरांची दुसरी, लहान लाट येते. फेब्रुवारीच्या मध्यापासून वळवाच्या सरी येईपर्यंतचा हा काळ म्हणजे इथला वसंत. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात, आंब्याचा मोहोर दरवळतो, करंज आणि कुसुंब नवी पाने धरतात. पायाखालची जमीन मात्र दिवसेंदिवस कोरडी होत जाते.

पावसाळी रोपटी आणि गवते वाळून गेलेली असल्यामुळे त्यांच्यावर वाढणाऱ्या जाती या दिवसांत कमी दिसतात. काही जातींची फुलपाखरे सावलीत दडून पावसापर्यंतचे दिवस काढतात. नजरेला पडतात त्या मुख्यतः झाडांवर, वेलींवर आणि बांडगुळांवर वाढणाऱ्या जाती, आणि पाणी घातलेल्या बागेत ज्यांना हिरवा पाला मिळतो अशा जाती. त्यामुळे नव्याने ओळख करून घेणाऱ्याला वसंत सोयीचा असतो. जाती मोजक्या असतात, झाडे निष्पर्ण असल्याने नजर लांब जाते, फुले आणि पाणी थोड्याच ठिकाणी असल्याने फुलपाखरे तिथेच जमतात. शिवाय प्रत्येक जातीचे आपल्या झाडाशी असलेले नाते याच दिवसांत उघडपणे दिसते. फुलपाखरू ओळखण्याची सर्वांत भरवशाची वाट या नात्यातूनच जाते. आधी झाड पाहावे, मग वागणूक, आणि मग पंखावरची खूण.

सहा कुळे

जगात फुलपाखरांच्या सुमारे १८,००० जाती आहेत. भारतात १,३०० हून अधिक आणि पश्चिम घाटात सुमारे ३३० जातींची नोंद आहे. ही संख्या पाहून दडपण येण्याचे कारण नाही, कारण भारतातल्या सगळ्या जाती सहा कुळांत बसतात आणि दिसलेले फुलपाखरू कोणत्या कुळातले हे कळले की निम्मे काम होते.

त्याआधी पतंग वेगळा काढावा लागतो. फुलपाखराच्या मिशा सडपातळ असतात आणि त्यांच्या टोकाला गाठ असते. पतंगांच्या मिशा बहुधा पिसासारख्या किंवा दोऱ्यासारख्या निमुळत्या असतात. दिवसा उडणारे रंगीत पतंगही आहेत आणि संध्याकाळी उडणारी फुलपाखरेही आहेत. त्यामुळे उडण्याच्या वेळेवर किंवा रंगावर विसंबण्यापेक्षा मिशांचे टोक पाहणे चांगले.

पॅपिलिओनिडी कुळात मोठी, डौलदार फुलपाखरे येतात. यांतील अनेकांच्या मागच्या पंखाला शेपटी असते, म्हणून त्यांना स्वॅलोटेल म्हणतात. मध पिताना ती फुलावर पूर्णपणे टेकत नाहीत, पुढचे पंख सतत थरथरवत ठेवतात. पिएरिडी कुळातली फुलपाखरे पांढरी आणि पिवळी, मध्यम आकाराची असतात. निम्फॅलिडी हे सर्वांत विविध कूळ. त्यांच्या पुढच्या दोन पायांची वाढ खुंटलेली असते, त्यामुळे बसलेले फुलपाखरू चारच पायांचे वाटते. लायकेनिडी कुळातली निळी-करडी फुलपाखरे लहान असतात. अनेकांच्या मागच्या पंखाला केसासारखी बारीक शेपटी आणि तिच्या मुळाशी डोळ्यासारखा ठिपका असतो. बसल्यावर ती पंख एकमेकांवर घासून ही शेपटी हलवत राहतात. पक्ष्याला किंवा सरड्याला तेच डोके वाटते, तो तिथे झडप घालतो आणि फुलपाखरू पंखाचा तुकडा गमावून सुटते. रिओडिनिडी कुळातल्या ज्युडी नावाच्या मोजक्याच जाती आपल्याकडे आहेत. त्या झाडोऱ्याच्या सावलीत पानांवर टुणटुण उड्या मारत फिरतात. हेस्पेरिडी कुळातली स्किपर फुलपाखरे जाड अंगाची, आखूड पंखांची असतात. त्यांच्या मिशांचे टोक आकड्यासारखे वळलेले असते आणि त्यांची उडण्याची गती नजरेला चुकवणारी असते.

कोठे आणि काय पाहावे

आकार ही पहिली खूण. महाराष्ट्रात सापडणारे ग्रास ज्वेल पंख पसरून जेमतेम दोन सेंटिमीटर भरते, तर नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन बारा ते पंधरा सेंटिमीटरपर्यंत जाते. नीलवंत हे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे आणि राज्य फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. वसंतात ते घाटातल्या आणि कोकणातल्या सावलीच्या बागांमध्ये, विशेषतः लिंबाच्या जातीची झाडे असलेल्या परसात दिसते.

दुसरी खूण पंखाच्या दोन बाजूंची. पंखाची वरची आणि खालची बाजू बहुतेक जातींत पूर्णपणे वेगळी असते. उडताना वरची बाजू लक्षात राहते, बसल्यावर खालची समोर येते, आणि दोन्ही एकाच फुलपाखराच्या आहेत हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय नाव ठरवू नये. ठिपके कुठे आहेत, किती आहेत आणि शिरांवर काळी रेघ आहे की शिरांच्या मधल्या जागेत, हे नीट पाहावे. डोके, छाती आणि पोट यांचा रंगही निर्णायक ठरतो.

तिसरी खूण वागणुकीची. भिरभिरी म्हणजे पॅन्सी फुलपाखरे जमिनीवर किंवा खुरट्या झुडपावर पंख पसरून ऊन खात बसतात आणि हुसकले तरी पुन्हा जवळपासच येतात. सेलर दोन-तीनदा पंख मारून पुढचे अंतर पंख सपाट ठेवून तरंगत कापते. टेल्ड जे क्षणभरही स्थिर राहत नाही. उडण्याची ही ढब एकदा डोळ्यांत बसली की ठिपके मोजण्याआधीच नाव मनात येते.

कोरड्या ऋतूतले रूप

वसंतात ओळख चुकते ती मुख्यतः एका कारणाने. उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच जातींची दोन रूपे असतात, एक पावसाळी आणि एक कोरड्या ऋतूतले. अळी वाढत असताना हवेत किती उष्णता आणि किती ओलावा आहे, यावर कोणते रूप निपजणार हे ठरते.

पीकॉक पॅन्सी हे याचे ठळक उदाहरण. नारिंगी रंगाच्या या भिरभिरीच्या पंखांवर वरून मोराच्या पिसासारखे मोठे डोळे असतात. पावसाळी रूपात खालच्या बाजूलाही डोळ्यांचे ठिपके स्पष्ट दिसतात. कोरड्या ऋतूत जन्मलेल्या फुलपाखराची खालची बाजू मात्र वाळक्या पानासारखी तपकिरी होते, डोळे जवळजवळ नाहीसे होतात, पंखांच्या कडा टोकदार होतात आणि मधोमध पानाच्या शिरेसारखी एक रेघ जाते. पाचोळ्यात पंख मिटून बसलेले हे फुलपाखरू हातभर अंतरावरूनही सापडत नाही. कॉमन ईव्हनिंग ब्राउन या गवतावर आणि भातावर वाढणाऱ्या जातीतही हाच प्रकार दिसतो. दिवसभर ते पाचोळ्यात निजते आणि तिन्हीसांजेला उडते.

यामागचे गणित जगण्याचे आहे. पावसाळ्यात फुलपाखरू सतत हिंडत असते. तेव्हा कडेचे ठळक डोळे शत्रूचे लक्ष अंगावरून पंखाच्या टोकाकडे वळवतात. कोरड्या दिवसांत हालचाल कमी असते, भोवती वाळके रान असते, आणि अशा वेळी दिसलेच नाही तर उत्तम. म्हणून वसंतात खालच्या बाजूच्या डोळ्यांच्या संख्येवर विसंबून निर्णय घेऊ नये. पंखाचा आकार, वरची बाजू आणि जागा यांना अधिक वजन द्यावे.

पिवळ्याधमक ग्रास यलो फुलपाखरांतही हा फरक जाणवतो. कोरड्या ऋतूत त्यांच्या खालच्या बाजूला तपकिरी डाग वाढतात. त्यांच्या जाती वेगळ्या करायच्या तर पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाकडच्या भागातले बारीक ठिपके मोजावेत. कॉमन ग्रास यलोला ते दोन असतात, थ्री स्पॉटला तीन आणि वन स्पॉटला एक.

बागेतली फुलपाखरे

वसंतात फुलपाखरांच्या दृष्टीने बागेचे मोल वाढते, कारण रान वाळत असताना पाणी घातलेल्या बागेत कोवळी पाने मिळत राहतात. फुले फक्त प्रौढ फुलपाखराची भूक भागवतात. जात टिकते ती अळीला खायला मिळणाऱ्या झाडावर. म्हणून बागेतले निरीक्षण फुलांच्या ताटव्यापेक्षा कढीपत्त्याच्या झाडापाशी सुरू करावे.

लिंबू, कढीपत्ता आणि बेल ही एकाच कुळातली झाडे लाइम बटरफ्लाय आणि बहुरूपी म्हणजे कॉमन मॉर्मन यांचे घर आहेत. लाइम बटरफ्लायच्या काळ्या पंखांवर फिकट पिवळ्या ठिपक्यांची गर्दी असते आणि स्वॅलोटेल असूनही त्याला शेपटी नसते. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि लहान शत्रू त्याने मागे हटतात.

सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेला उंच, सरळ खोटा अशोक टेल्ड जे आणि कॉमन जे यांना लागतो. सीताफळावरही त्यांच्या अळ्या वाढतात. टेल्ड जेच्या काळ्या पंखांवर पोपटी ठिपके असतात, आणि शहराच्या गजबजाटातही ते आरामात नांदते. बहाव्याला नवी पाने आली की कॉमन एमिग्रंटच्या माद्या तिथे घिरट्या घालू लागतात. फिकट पिवळसर-पांढऱ्या रंगाचे हे फुलपाखरू वेगाने, सरळ रेषेत उडते. त्याच्याशी सहज गल्लत होणाऱ्या मॉटल्ड एमिग्रंटच्या खालच्या बाजूला बारीक तपकिरी रेघोट्यांची जाळी असते, तीवरून ते वेगळे काढता येते.

कण्हेरीच्या पानाखाली चांदीसारखा चकाकणारा कोश लटकलेला दिसला तर तो कॉमन क्रोचा समजावा. त्यातून निघणारे फुलपाखरू काळसर तपकिरी असते, त्याच्या पंखांच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असतात. कुंडीतल्या पानफुटीवर रेड पिएरोची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, बाहेरून केवळ फिकट डाग दिसतो. फुलपाखरू मात्र लपत नाही. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे आणि मागच्या पंखाला नारिंगी-लाल पट्टा असलेले हे लहानसे फुलपाखरू जमिनीलगत संथ उडते. सायकसच्या नव्या पानांचा एका आठवड्यात फडशा पडला असेल तर तिथे प्लेन्स क्युपिडच्या अळ्या असतात, आणि त्यांच्याभोवती मुंग्याही असतात. अळीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या येतात आणि त्यांच्या वावराने अळीला संरक्षण मिळते. हिरवळीत उगवलेल्या अंबुशीवर पेल ग्रास ब्लू वाढते. हिरवळ स्वच्छ करण्याच्या नादात अंबुशी उपटली की हे फुलपाखरूही जाते.

आंब्याचे झाड मोहोरासाठी सगळेच पाहतात, त्याची पाने फार थोडे पाहतात. कॉमन बॅरन या फुलपाखराची अळी आंब्याच्या पानावर वाढते. तिचे अंग पानाच्या रंगाचे हिरवे असते, पाठीवरून लांबट फिकी रेघ जाते आणि दोन्ही बाजूंना पिसांसारखे फाटे असलेले मऊ काटे पसरलेले असतात. ती नेमकी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरते की पाठीवरची रेघ ही शीर ठरते आणि काटे पानाच्या पृष्ठभागात विरून जातात. ती शोधायची तर कुरतडलेल्या कडांची पाने हेरून त्यांच्या शेजारची पाने उन्हाच्या दिशेने धरून पाहावीत.

आंब्याच्याच फांद्यांवर बांडगूळ वाढते. माळ्याच्या लेखी ते झाडाचे रक्त शोषणारे, पण हळदीकुंकू म्हणजे कॉमन जेझबेल याचे जगणे त्यावरच चालते. मादी बांडगुळाच्या पानावर पुंजक्याने अंडी घालते, अळ्या एकत्र राहून एकत्र खातात आणि धोका जाणवला की रेशमाच्या धाग्याने खाली लोंबकळतात. हळदीकुंकवाची वरची बाजू पांढरी, काळ्या शिरांची, साधीच असते. खालच्या बाजूचा मागचा पंख मात्र पिवळाजर्द, काळ्या शिरांनी विभागलेला आणि कडेला लाल ठिपक्यांनी सजलेला असतो. ते उंचावर, झाडांच्या शेंड्यांभोवती संथ उडते, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला नेमकी हीच बाजू दिसते. भडक रंग आणि संथ उड्डाण हे दोन्ही मिळून आपण बेचव आहोत असा इशारा देतात, आणि पक्षी तो पाळतात. बांडगुळाची फळे खाऊन बिया दुसऱ्या फांदीला चिकटवणारा फुलटोचा पक्षी ज्या आमराईत आहे, तिथे हळदीकुंकू सापडण्याची शक्यता मोठी असते.

सोंग घेणारी फुलपाखरे

बहुरूपी हे नाव कॉमन मॉर्मनच्या मादीमुळे सार्थ होते. नर काळा असतो आणि त्याच्या मागच्या पंखावरून पांढऱ्या ठिपक्यांची एक रांग जाते. मादी तीन रूपांत आढळते. एक रूप नरासारखे, दुसरे कॉमन रोझसारखे, तिसरे क्रिमझन रोझसारखे. ही दोन्ही रोझ फुलपाखरे सापसंद या विषारी वेलीवर वाढतात आणि तिचे विष अंगात साठवतात. पक्षी त्यांना टाळतात. त्यांचे रूप घेतलेली बहुरूपी मादी लिंबाच्या झाडावर वाढलेली, म्हणजे खाण्यालायक असते, तरी तिला त्या रूपाचे संरक्षण मिळते. पुण्यातून संशोधनाला सुरुवात केलेले आणि पुढे बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करणारे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की या रूपबदलाची किल्ली डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकात आहे.

पाहणाऱ्याने फसू नये यासाठी एक खूण पुरेशी आहे. कॉमन रोझचे डोके आणि पोट लाल असते, बहुरूपीचे अंग काळे असते. फुलावर बसलेले फुलपाखरू बाजूने पाहिले की हा फरक लगेच कळतो. रोझ सावकाश, बेफिकीरपणे उडते. बहुरूपी मादी निवांत असताना तशीच उडते, पण हुसकली की वेगाने निघून जाते.

दुसरी जोडी माळावर आणि रस्त्याकडेला भेटते. रुईच्या झाडावर वाढणारे बिबळ्या कडवा म्हणजे प्लेन टायगर नारिंगी रंगाचे असते आणि त्याच्या पुढच्या पंखाचे टोक काळे, पांढऱ्या पट्ट्याचे असते. रुईच्या चिकातले विष त्याच्या अंगात असते. छोटा चांदवा म्हणजे डॅनेड एगफ्लाय याची मादी त्याची हुबेहूब नक्कल करते. ती वाढते घोळाच्या भाजीवर. फरक मागच्या पंखावर आहे. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन काळे ठिपके असतात आणि नरात चौथा असतो. एगफ्लायच्या मादीला पंखाच्या पुढच्या कडेला एकच ठिपका असतो. नर चांदवा या दोघांसारखा मुळीच दिसत नाही. काळ्या पंखांवर प्रत्येक बाजूला तीन पांढरे चांद आणि त्यांच्याभोवती जांभळी झाक, असे त्याचे रूप असते.

माळ आणि शेताचे बांध

दख्खनच्या कोरड्या भागात वाघाटी, नेपती आणि वायवर्ण या वनस्पतींवर पांढऱ्या फुलपाखरांचा एक मोठा गट अवलंबून असतो. वाघाटीची वेल वसंतात फुलते, वायवर्ण याच सुमाराला फुले आणि नवी पाने एकदम धरतो. व्हाइट ऑरेंज टिप, यलो ऑरेंज टिप, पायोनियर आणि कॉमन गल ही फुलपाखरे या झुडपांभोवती फिरतात. पहिल्या दोघांच्या पुढच्या पंखाच्या टोकाला नारिंगी पट्टा असतो. पायोनियरच्या खालच्या बाजूच्या काळ्या शिरा ठळक असतात. झाडी दाट असेल तिथे ग्रेट ऑरेंज टिप भेटते. पांढऱ्या फुलपाखरांत ते आकाराने फार मोठे, वेगाने उडणारे आणि पंख मिटताच वाळक्या पानात जमा होणारे आहे.

बांधावरच्या बोरीवर कॉमन पिएरो असते. पांढऱ्या पंखांवरचे काळे ठिपके आणि नेहमी बोरीच्या आसपासचा वावर यांमुळे त्याची ओळख सोपी जाते. कडधान्यांच्या आणि खुळखुळ्याच्या फुलांवर पी ब्लू आणि ग्रॅम ब्लू दिसतात. पी ब्लूच्या खालच्या बाजूला तपकिरी-पांढऱ्या लहरी आणि एक रुंद पांढरा पट्टा असतो. उघड्या, तापलेल्या जमिनीवर ब्लू पॅन्सी आणि यलो पॅन्सी पंख पसरून बसतात. यलो पॅन्सीच्या मागच्या पंखाच्या मुळाशी निळा डाग असतो, तेवढ्याने ती वेगळी काढता येते.

वाळलेल्या खुळखुळ्यावर आणि भुरुंडीसारख्या रोपांवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर आणि कॉमन क्रो घोळक्याने बसलेले दिसले तर ते सहसा नर असतात. या वनस्पतींमधली काही रसायने ते शोषून घेतात. त्यांच्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो आणि अंगातले विषही वाढते. याच गटातल्या फुलपाखरांचे मोठे स्थलांतर दक्षिण भारतात होते. पावसाच्या तोंडावर थवे पश्चिम घाट सोडून पूर्वेकडच्या मैदानी भागात जातात आणि पाऊस संपल्यावर घाटाकडे परततात. एकाच दिशेने जाणारी बरीच टायगर आणि क्रो दिसली तर दिशा, वेळ आणि संख्या आवर्जून टिपावी.

ओढे आणि रान

ऊन तापू लागले की ओढ्याच्या ओल्या वाळूवर फुलपाखरे जमतात. याला चिखलपान म्हणतात. ओल्या मातीतून ती पाण्याबरोबर क्षार, विशेषतः सोडियम, घेतात. यात प्रामुख्याने नर असतात, कारण मिलनाच्या वेळी हे क्षार मादीकडे आणि पुढे अंड्यांकडे जातात. कॉमन जे, कॉमन ब्लूबॉटल, एमिग्रंट, ग्रास यलो आणि गल इथे दाटीने बसतात. पानगळीच्या रानात वसंतात खास पाहण्यासारखे फुलपाखरू म्हणजे स्पॉट स्वॉर्डटेल. फिकट हिरवट-पांढऱ्या पंखांवर काळे पट्टे, कडेला ठिपक्यांची रांग आणि तलवारीच्या पात्यासारखी लांब शेपटी असलेले हे फुलपाखरू पावसाआधीच्या काही आठवड्यांतच मोठ्या संख्येने दिसते.

फुलांकडे न फिरकणाऱ्या जातीही आहेत. बॅरन, राजा आणि ईव्हनिंग ब्राउन यांना कुजणारी फळे, झाडातून झिरपणारा रस आणि शेण आवडते. कोकणात काजूची बोंडे आणि पिकून पडलेले फणस यांच्यापाशी थांबले तर ती हमखास दिसतात. तेंदूच्या रानात बॅरोनेट हे विटकरी रंगाचे फुलपाखरू जमिनीलगत, वाटेवर बसते. करंजाच्या कोवळ्या पानांवर कॉमन बँडेड ऑल या स्किपरच्या अळ्या वाढतात. प्रौढ ऑल पहाटे आणि संध्याकाळी उडते आणि दिवसा पानाच्या खाली चिकटून बसते.

निरीक्षणाची पद्धत

फुलपाखराला उडण्यासाठी अंग तापवावे लागते. म्हणून सकाळी आठ ते नऊच्या सुमारास ती पंख उघडून ऊन खात बसलेली असतात, आणि वरची बाजू पाहण्याची ती उत्तम वेळ. नऊ ते अकरा हा फुलांवरच्या वावराचा काळ. भर दुपारी पाणी आणि सावली धुंडाळावी. जवळ जाताना आपली सावली फुलपाखरावर पडू देऊ नये आणि हालचाल संथ ठेवावी. सोंड फुलात किंवा चिखलात असेल तर ते बरेच जवळ येऊ देते. छायाचित्र घेताना पहिले थोडे लांबूनच घ्यावे, मग पुढे सरकावे, म्हणजे ते उडाले तरी पुरावा हातात राहतो. शक्य तेव्हा दोन्ही बाजू आणि ज्या झाडावर ते बसले आहे ते झाड यांचीही छायाचित्रे घ्यावीत.

मादी एखाद्या पानावर पोट वाकवून टेकवत असेल तर ती अंडे घालत असते. ते झाड ओळखले की फुलपाखराच्या नावाची यादी दोन-चार शक्यतांवर येते. फुलपाखरे पकडण्याची गरज नाही, आणि काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षणही आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, झाड, वागणूक आणि शंका असेल तर ती शंका, इतके लिहावे. खात्री नसलेले नाव लिहिण्यापेक्षा फक्त कूळ लिहिलेली नोंद अधिक कामाची असते.

अभ्यासाची साधने आता भरपूर आहेत. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ साली विंटर-ब्लाइथ यांचा भारतीय फुलपाखरांवरचा ग्रंथ काढला आणि तो कित्येक वर्षे आधार ठरला. कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरचे पुस्तक २००० साली आणि आयझॅक किहिमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरचे पुस्तक २००८ साली आले. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावे देण्याचे कामही हाती घेतले. चांदवा, भिरभिरी, हळदीकुंकू, बहुरूपी यांसारखी नावे मुलांच्या तोंडी सहज बसतात. अभ्यासकांमध्ये इंग्रजी नावे रुळलेली आहेत आणि दोन्ही ठाऊक असणे सोयीचे.

जपणूक

वसंतात फुलपाखरांना तीन गोष्टी मोठ्या घातक ठरतात. पहिली म्हणजे वणवा. गवत आणि पाचोळा पेटवला की त्यात दडलेली कोरड्या ऋतूतली फुलपाखरे आणि कोश जळून जातात, आणि पावसाळ्यात त्यांच्यापासून होणारी पिढीही जाते. दुसरी म्हणजे मोहोरावरची आणि भाजीपाल्यावरची विनाकारण फवारणी. तिसरी म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली रुई, वाघाटी, सापसंद, अंबुशी आणि सगळेच बांडगूळ काढून टाकण्याची सवय. फळझाडावर बांडगूळ फार वाढले तर ते छाटावे लागते हे खरे, पण बांधावरच्या एखाद्या झाडावर ते राहू दिले तर हळदीकुंकू टिकते.

बागेत फुलपाखरे यावीत असे वाटत असेल तर कढीपत्ता, लिंबू, पानफुटी आणि कण्हेर यांतले एखादे तरी झाड असावे आणि त्यावरची खाल्लेली पाने सहन करावीत. मध देण्यासाठी एक्झोरा, पेंटास, झेंडू आणि सदाफुली असावी, आणि मातीच्या ताटलीत ओली वाळू ठेवावी. अळीने कुरतडलेली कढीपत्त्याची पाने हे त्या बागेत फुलपाखरू वाढत असल्याचे चिन्ह आहे, आणि झाड काही आठवड्यांत पुन्हा पालवते. ज्याला झाडावरून फुलपाखरू ओळखता येते, त्याला कोणते झाड राखले म्हणजे कोणते फुलपाखरू राहील हेही कळते. ओळख आणि जपणूक ही एकाच अभ्यासाची दोन अंगे आहेत, आणि वसंताच्या तीन महिन्यांत, घराजवळच्या पाच-सहा झाडांवर, हा अभ्यास कोणालाही सुरू करता येतो.